विजेच्या दाबाची संगणकीय नोंद

विजेचा दाब उतरला की शेतपंपाची मोटार जादा प्रवाह ओढते व तिचे वाइंडिंग जळते. दाब केव्हा व किती उतरला, याची नोंद म्हणूनच अचूक हवी. घरगुती वीज २३० व्होल्टची म्हणतात. वस्तुतः दाब सेकंदास ५० आवर्तने घेत धन व ऋण ३२५ व्होल्टांमध्ये हेलकावतो. संगणक त्याचे ठरावीक अंतराने नमुने घेतो. त्यांची सरासरी शून्यच येते. यास्तव नमुन्यांचे वर्ग करून, त्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ काढतात. तेच २३०. मात्र नमुने सेकंदास ५०च घेतल्यास दर वेळी तरंगाचा तोच बिंदू सापडतो आणि दाब स्थिर भासतो. ही चूक मोठी फसवी, कारण आकडे अगदी नीटनेटके दिसतात. नमुने आवर्तनांच्या दुपटीहून अधिकच हवेत. व्यवहारात ते कितीतरी पट घेतात.