रिमोट चालू करण्याआधी वर बघा

ओव्हरहेड क्रेनचा वायरलेस रिमोट हातात धरला की घरातल्या टीव्हीच्या रिमोटचाच मोठा भाऊ वाटतो. पण त्याचं स्टार्ट बटण दाबलं की वर क्रेनच्या पॅनेलमधला मेन कॉन्टॅक्टर ऑन होतो आणि कित्येक टनांचं यंत्र तुमच्या अंगठ्याच्या ताब्यात येतं. म्हणून रिमोट चालू करण्याबद्दलचे हे गैरसमज शिफ्ट सुरू होण्याआधीच दूर झालेले बरे.

गैरसमज : लाल बटण फिरवून वर आणलं की क्रेन सुरू व्हायला हवी.

वस्तुस्थिती : इमर्जन्सी स्टॉप मोकळं केल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, हा सुरक्षेचा मूळ नियम आहे. मोकळं करणं म्हणजे फक्त अडसर काढणं. सुरू करण्यासाठी स्टार्ट बटण वेगळं दाबावं लागतं. नुसतं लाल बटण सोडताच क्रेन हलली, तर तो बिघाड समजा आणि काम थांबवा.

गैरसमज : स्टार्ट घेत नाही म्हणजे रिमोट बिघडलाय, दाबत राहा.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा रिमोट आपलं काम चोख करत असतो. चालू होताना एखादं बटण दाबलेलं असेल किंवा जॉइस्टिक मधोमध नसेल, तर तो स्टार्ट नाकारतो. नाहीतर चालू होताक्षणीच हूक धावला असता. फाटलेल्या रबराखाली धूळ-ग्रीस साचून बटण अडकलंय का, ते आधी पाहा. अडकलेलं बटण टेप लावून किंवा वायर जोडून चुकवू नका.

गैरसमज : एकाच कंपनीचे रिमोट, कुठलाही उचलला तरी चालतो.

वस्तुस्थिती : भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे, त्यामुळे शेजारशेजारचे अनेक रिमोट तिथेच बोलत असू शकतात. ते वेगळे ओळखू येतात ते प्रत्येक जोडीच्या स्वतंत्र कोडमुळे. कोड सिग्नलची गल्लत टाळतो, माणसाची नाही. चुकीचा रिमोट उचललात तर पलीकडच्या बेमधली क्रेन जागी होईल, आणि तिच्याखाली कोण उभं आहे हे तुम्हाला दिसणारही नाही. म्हणून रिमोटवरचा आणि क्रेनवरचा नंबर जुळवा, मगच स्टार्ट दाबा.

गैरसमज : बॅटरीचा दिवा लुकलुकतोय, पण एवढा एक लोड उतरवून घेऊ.

वस्तुस्थिती : सिग्नल तुटला की रिसीव्हर मेन कॉन्टॅक्टर पाडतो आणि ब्रेक लागतात. ही सोय जीव वाचवणारी आहे. पण त्या क्षणी लोड हवेत असेल, तर तो झोके घेत तिथेच लटकतो. भरलेली बॅटरी लोड उचलण्याआधी घाला.

गैरसमज : लाल बटण दाबलं, आता वर दुरुस्तीला चढायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : तो स्टॉप आहे, वीज तोडणं नव्हे. त्यासाठी आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप आणि टॅग लावावाच लागतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार क्रेनच्या रुळाजवळ माणूस काम करत असेल, तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येऊ न देण्याची व्यवस्था करणं बंधनकारक होतं; ती काळजी आजही घ्या.

रोजचा क्रम असा ठेवा : नंबर जुळवा, रिमोटची बॉडी आणि बटणं तपासा, हूकखाली आणि वाटेत कोणी नाही हे डोळ्यांनी पाहा, भोंगा द्या, स्टार्ट करा. मग रिकाम्या हूकवर लाल बटण एकदा दाबून क्रेन खरंच थांबते का, ते पाहा. चहाला जाताना रिमोटची चावी काढून खिशात ठेवा.

या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. हूकखालून रोज ये-जा करणाऱ्या सोबत्यांसाठी ती दोन मिनिटं द्याच.