शिक्षण कर भरला, मग फी कशाची?

एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये मिळकतकराची बिलं येतात, जून-जुलैत इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि मोशीच्या सोसायटीपासून चाकणच्या कंपनी बसपर्यंत तेच वाक्य कानावर पडतं: ‘बिलात शिक्षण कर भरतो, पगारातूनही शिक्षणाचा सेस जातो, मग पोराच्या कॉलेजची फी पुन्हा कशाला?’ राग रास्त आहे. हिशेब मात्र चुकलेला आहे.

बिलातला राज्याचा शिक्षण कर 1962 च्या कायद्याने आला. महापालिका तो गोळा करते आणि राज्य शासनाकडे भरते. तिथे तो शिक्षणाच्या एकूण खर्चासाठी असतो. निगडी-आकुर्डीतल्या एखाद्या कॉलेजच्या खात्यात त्यातला रुपयाही आपोआप जात नाही.

प्राप्तिकरावरचा सेस केंद्राचा. 2004 मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी 2 टक्के, 2007 मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी 1 टक्का, 2018 पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून 4 टक्के. घटनेच्या अनुच्छेद 270 नुसार या उपकरात राज्यांना वाटा नाही. बरं, केंद्राने तरी तो नीट ठेवला का? कॅगच्या अहवालानुसार 2006-07 ते 2016-17 या काळात माध्यमिक व उच्च शिक्षण उपकराचे 83 हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. पण ते ज्या निधीत ठेवायचे, तो निधीच उघडलेला नव्हता. मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली ऑगस्ट 2017 मध्ये. चिडायचंच असेल तर इथे चिडा.

मग फी ठरते कशी? अनुदानित कॉलेजात मंजूर पदांचे पगार शासन देतं, म्हणून फी कमी. विनाअनुदानित कॉलेजात पगार, प्रयोगशाळा, देखभाल सगळं फीतूनच भागतं. 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजचे लेखे तपासून ही फी मंजूर करतं. तुम्ही शिक्षण कर किती भरला, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. सरकारी पैसा अशा कॉलेजातल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः शिष्यवृत्ती आणि फीच्या प्रतिपूर्तीतून.

आता किरकोळ गैरसमज.

‘पगारातला पीटी व्यावसायिक शिक्षणासाठी कापतात.’ नाही. 1975 चा व्यवसाय कर रोजगार हमी योजनेसाठी आला.

‘कॉलेजच्या फीवर जीएसटी असतो.’ मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर नाही. खासगी क्लासच्या फीवर 18 टक्के.

‘मुलींना सगळीकडे फी माफ.’ जुलै 2024 चा शासन निर्णय ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी आहे. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून. खासगी आणि अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत.

‘अमेरिकेसारखं करावर मतदान घ्या.’ कॅलिफोर्नियात 2012 मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव 30’ची करवाढ मंजूर केली आणि सरकारी विद्यापीठांची फीवाढ टळली, हे खरं. आपल्याकडे कर विधिमंडळ किंवा संसद ठरवते. मतपत्रिकेवर फक्त उमेदवार असतो.

म्हणून महापालिकेच्या खिडकीवर भांडू नका. उच्च शिक्षणाचं अनुदान आणि रखडलेली प्रतिपूर्ती यांचा जाब अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला विचारा. आणि फी भरण्यापूर्वी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर आकडा पाहा. त्याहून जास्त मागितली, तर पावती घ्या आणि तक्रार करा.