पियानोची मैफल मोफत असते, मग खर्च कोण करतं?

मीरा-भाईंदर : 'प्रवेश विनामूल्य' असं लिहिलेला शास्त्रीय संगीताचा मेसेज व्हॉट्सअॅपवर येतो आणि गावाकडचा माणूस तो पुढे सरकवतो. जायचा विचार बहुतेक जण करत नाहीत. त्यात पियानोचं नाव असेल तर बघायलाच नको. ते मोठ्या लोकांचं, कुलाब्याकडचं, इंग्रजी बोलणाऱ्यांचं वाद्य, असं मनात पक्कं बसलेलं असतं. शिवाय फुकट म्हटलं की शंका येतेच. एवढा मोठा हॉल, एवढं महागडं वाद्य, आणि पैसे घेणार नाहीत? यांना आपल्याकडून नक्की हवंय तरी काय?

याचं उत्तर आपल्या गावातच आहे. हरिनाम सप्ताहात सात दिवस कीर्तन, भजन, पहाटेचा काकडा चालतो. तिकीट नसतं, वर जेवणही मिळतं. पण तो सप्ताह काही फुकट होत नाही. कुणी तांदूळ देतं, कुणी मांडव, कुणी कीर्तनकाराचा मान सांभाळतं आणि बाकीची वर्गणी निघते. येणाऱ्याला पैसे पडत नाहीत, कारण ते आधीच कुणीतरी भरलेले असतात. मोफत पियानो मैफलीचा हिशोबही असाच असतो. फरक एवढाच, की वर्गणी भरणारा आपल्याला दिसत नाही.

मुंबईत ही वर्गणी साधारण तीन ठिकाणांहून येते. एक म्हणजे धर्मादाय ट्रस्ट आणि कंपन्या. दरवर्षी हिवाळ्यात भरणारा काळा घोडा कला महोत्सव हे त्याचं ठळक उदाहरण. 1999 साली सुरू झालेल्या या महोत्सवाला प्रवेश फी नसते आणि तो प्रायोजकांच्या पैशावर चालतो. दुसरी वर्गणी परदेशी सरकारांची. जर्मनीचं मॅक्सम्युलर भवन, फ्रान्सचं अलियाँस फ्राँसेज अशा संस्था आपल्या देशाचे कलावंत इथे आणतात. आपली भाषा आणि संस्कृती जगाला कळावी यासाठी ते देश खर्च करतात, त्यामुळे असे बरेच कार्यक्रम मोफत ठेवणं त्यांना परवडतं. तिसरी वर्गणी खुद्द कलावंताची. तो मानधन कमी घेतो किंवा घेतच नाही.

या तिसऱ्या वर्गणीचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण मिरजेत आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर वारले. त्यांना मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा साहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं आहे. तिथे उरुसात दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत सभा होते. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र गाणं चालतं. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा थोरांनी तिथे हजेरी लावली ती सेवा म्हणून. समोर हमाल, शेतकरी, दुकानदार, कोणीही बसतो आणि कुणी तिकीट विचारत नाही. याच घराण्याच्या सवाई गंधर्वांच्या नावाने पुण्यात 1953 पासून चालणाऱ्या महोत्सवाला मात्र तिकीट लागतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त शास्त्रीय संगीत म्हटलं की ते तिकीटवाल्यांचंच, हा समज मिरजेने कधीच खोटा ठरवला आहे.

आता वाद्याकडे वळू. पियानो म्हणजे मोठी पेटी, असं अनेकांना वाटतं. पट्ट्या सारख्या दिसतात हे खरं, पण आतलं काम अगदी निराळं आहे. पेटीत भात्याची हवा पितळी सुरांतून जाते आणि आवाज येतो. पियानोत हवेचा संबंधच नाही. पट्टी दाबली की आत लोकरीच्या नमद्याने मढवलेली छोटी हातोडी पोलादी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. बोट हळू पडलं तर आवाज हळू, जोरात पडलं तर मोठा. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने साधारण 1700 च्या सुमारास ही करामत केली. त्याआधीच्या तशा वाद्यात बोटाच्या जोराने आवाज लहानमोठा करता येत नव्हता. म्हणून नावच पडलं 'पियानोफोर्ते', म्हणजे इटालियन भाषेत हळू-जोरात. पुढे बोलताना लोकांनी 'जोरात' गाळलं.

पट्ट्या असतात 88, त्यात 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. तारा मात्र सव्वादोनशेच्या आसपास असतात, कारण वरच्या सुरांना एका पट्टीमागे तीन-तीन तारा लागतात. या सगळ्या तारांचा मिळून ताण जातो 18 ते 20 टनांच्या घरात. गच्च भरलेल्या मोठ्या ट्रकाएवढा तो ओढा पेलायला आत बिडाची चौकट बसवलेली असते. म्हणून मोठ्या हॉलमधला पियानो पावणेतीन मीटर लांब आणि साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा भरतो. असं धूड उचलून मैदानात नेऊन ठेवता येत नाही, आणि मैफलीचा खर्च तिथूनच वाढत जातो.

त्यात आपली हवा. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते हे भजनी मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पियानोचं उलटं होतं. आतली लाकडी फळी दमट हवेत फुगते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या दिवसांत फळी आकसली की तो उतरतो. खाडीकाठच्या मीरा-भाईंदरमध्ये किंवा वसईत हे वाद्य वर्षभर सुरात ठेवणं म्हणजे गाभण म्हैस सांभाळण्यासारखं आहे, सतत लक्ष हवं. वाद्य एका जागेहून दुसरीकडे हलवलं तरी सूर बिघडतो. म्हणून ते आधी आणून ठेवतात, त्याला हॉलच्या हवेची सवय होऊ देतात आणि मग सूर लावणारा जाणकार येऊन तासन् तास एकेक तार जुळवतो. हे काम येणारी माणसं आपल्याकडे फार थोडी. श्रोत्याला ही मेहनत दिसत नाही. दिसतो तो काळा कोट घालून येऊन बसणारा कलावंत.

हे वाद्य परकं, मग आपण का ऐकावं, असंही कुणी विचारेल. पण पेटी तरी कुठे आपली होती? तीही युरोपातूनच आली. दोन सुरांमधली मींड तिच्यावर निघत नाही, म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती. आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. मींडेची अडचण पियानोलाही आहे. त्यामुळे रागदारीत तो रमला नाही, पण जुन्या हिंदी सिनेमात नायकाला गाणं म्हणायचं झालं की दिवाणखान्यात पियानो हजर असायचाच. संगीत नाटकांच्या साथीला पायाने हवा भरायचा ऑर्गन होता, तोही विलायतीच. आणि उत्तन, डोंगरी, गोराईपासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती गावांत चर्चमधलं गायन, लग्नातला बँड हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पाश्चात्त्य सूर या किनाऱ्याला नवे नाहीत. शेजारच्या गावात वाजतात, आपण तिकडे कान दिला नाही एवढंच.

एखाद-दुसरी मैफल ठेवण्यापेक्षा ओळीने हंगाम का भरवावा, हे समजून घ्यायला लंडनचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. बाँबच्या भीतीने तिथल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं हलवली, शहरातले संगीताचे हॉल बंद पडले. तेव्हा मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाईंनी त्या रिकाम्या इमारतीत दुपारच्या सुट्टीत मैफली ठेवायचं ठरवलं. 10 ऑक्टोबर 1939 ला पहिल्या दिवशी त्या स्वतः वाजवायला बसल्या. थोडेफार लोक येतील असा अंदाज होता, हजाराच्या आसपास आले. तिकीट होतं एक शिलिंग, म्हणजे अगदी फुकट नाही, पण कारकून, शिपाई, सैनिक यांना परवडेल असं. कलावंत कितीही नावाजलेला असो, मानधन सगळ्यांना सारखं, आणि बाईंनी स्वतःसाठी घेतलं नाही. बाँब पडू लागले तेव्हा मैफल तळघरात गेली, पण सोमवार ते शुक्रवारचा नेम साडेसहा वर्षं चालला. 1946 पर्यंत 1698 मैफली झाल्या आणि आठ लाखांवर लोकांनी त्या ऐकल्या. पहिल्या दिवशी नवल म्हणून आलेला माणूस पुढे सवयीने येऊ लागला. एका मैफलीत ही सवय लागत नाही.

आपल्याकडे काशीमिऱ्यात महापालिकेचं लता मंगेशकर नाट्यगृह आहे. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला जायचं तर भाईंदरहून चर्चगेट चाळीसेक किलोमीटर, तिथून पुढे पायी किंवा टॅक्सी, आणि परतताना शेवटच्या लोकलची धास्ती. वसई, पालघर, भिवंडीकडच्या माणसाला तर ते अजून लांब पडतं. म्हणून असा मोफत हंगाम जवळच्या नाट्यगृहात व्हावा, ही मागणी नगरसेवकाकडे करण्यात काही वावगं नाही. एका बाबतीत खर्चही वाचतो. भारतात कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी रचनेवरचा हक्क संपतो. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन, शोपाँ हे सगळे दीडशे-पावणेदोनशे वर्षांहून आधीचे, त्यामुळे त्यांच्या रचना वाजवायला रॉयल्टी लागत नाही. आणि चांगल्या बंद हॉलमध्ये पियानोला माइकही लागत नाही.

मागणी करताना एक गोष्ट मात्र धरून ठेवावी. जाहिरातीत 'प्रवेश विनामूल्य'च्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी असतात : 'काही जागा निमंत्रितांसाठी राखीव' आणि 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य'. या 'काही' जागा किती, ते कुणी लिहीत नाही. कधी कधी पुढच्या आठ-दहा रांगा पासवाल्यांच्या असतात, त्यातल्या निम्म्या रिकाम्या राहतात आणि लांबून एसटी-लोकल बदलून आलेला माणूस मागे उभा असतो. मोफत कार्यक्रमात गावाकडच्या माणसाचं मन कशाने मोडत असेल तर ते यानेच. राखीव जागांचा आकडा आधी जाहीर करायचा आणि सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी रिकाम्या खुर्च्या सर्वांना खुल्या करायच्या, एवढं आयोजकांनी पाळलं तरी पुष्कळ झालं. जाणाऱ्यानेही निघण्याआधी फोन करून विचारावं : प्रवेशिका लागते का, कुठे आणि कधीपासून मिळते, लहान मुलांना सोडतात का.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती टाळी चुकीच्या जागी वाजण्याची. आपल्या मैफलीत समेवर 'वा!' म्हटलं की गवय्या खूश होतो. पियानोच्या मैफलीत मध्ये दाद देत नाहीत. एकेका रचनेचे तीन-चार भाग असतात, प्रत्येक भाग संपला की वादक हात खाली घेतो आणि हॉल शांत राहतो. रचना संपली असं वाटून तिथेच टाळी पडते. वादक उठून उभा राहिला की मग बिनधास्त वाजवावी. चुकली तरी कुणी बाहेर काढत नाही, मुंबईच्या नेहमीच्या श्रोत्यांचीही चुकते. कपड्यांचं बंधन नसतं, स्वच्छ असले म्हणजे झालं. फोन मात्र बंदच हवा. माइक नसल्यामुळे हॉल इतका शांत असतो, की खिशातला फोन थरथरला तरी चार रांगांना ऐकू जातो. लहान मूल बरोबर असेल तर कडेची खुर्ची धरावी, म्हणजे रडलं तर बाहेर जाता येतं.

आणि बसायला जागा निवडता आली तर स्टेजकडे तोंड केल्यावर डाव्या हाताची बाजू घ्यावी. पियानो असा ठेवतात, की पट्ट्या आणि वादकाची बोटं त्याच बाजूने दिसतात. नेहमीचे श्रोते लवकर येतात आणि आधी त्याच खुर्च्या धरतात.