घरातील नळजोडणी : पाइप आणि त्याचे जोड

शासनाच्या नळपाणीपुरवठा योजनांमुळे पाणी आता विहिरीवरून घराच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंबास नळजोडणी देऊन माणशी दररोज ५५ लिटर पाणी पुरविण्याचे उद्दिष्ट ठरविले. अंगणातील तोटीपासून पुढे मोरीपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत आणि गच्चीवरील टाकीपर्यंत पाणी नेण्याचे काम मात्र घरमालकाने स्वतःच करवून घ्यावयाचे असते. या कामात पाइप कोणता घ्यावा याची चौकशी सर्वजण करतात. एल्बो, टी, सॉकेट, युनियन या जोडसाहित्याची निवड बहुधा दुकानदारावर सोपविली जाते. वस्तुतः घरगुती जोडणीत पाणी गळते ते बहुतेक वेळा सरळ पाइपातून नव्हे, तर सांध्यातून.

या गळतीचा विचार केवळ वाया जाणाऱ्या पाण्यापुरता करून भागणार नाही. सेकंदाला एक थेंब गळला, तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जाते. परंतु याहून गंभीर बाब निराळीच आहे. आपल्याकडे पुष्कळ गावांत आणि शहरांतही पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. दाब असेपर्यंत फटीतून पाणी बाहेर झिरपते. पुरवठा थांबून पाइप रिकामा होऊ लागला, की त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. सांध्याशेजारून सांडपाण्याचे गटार जात असेल, तर काय आत जाईल हे सांगावयास नको. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो या रोगांचा प्रवेश घरात अशा वाटेनेही होतो.

जोड निवडताना प्रथम पाइपाची जात पाहावी. जस्ती लोखंडी पाइपास आट्यांचे जोड लागतात. पीव्हीसी व सीपीव्हीसी पाइप द्रावणाने चिकटवितात. मात्र दोहोंचे द्रावण वेगळे असते आणि एकाचे दुसऱ्यास वापरू नये. काळा एचडीपीई पाइप तर कोणत्याच द्रावणाने नीट चिकटत नाही. त्यास कॉम्प्रेशन जोड बसवावा, अथवा उष्णतेने सांधा करून घ्यावा. सौर बंबाचे गरम पाणी न्यावयाचे असल्यास साधा पीव्हीसी उपयोगाचा नाही. तो साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. तेथे सीपीव्हीसी पाइप आणि सीपीव्हीसीचेच जोड घ्यावेत.

खरा घोटाळा होतो तो मापात. दुकानात “अर्धा इंची एल्बो द्या” एवढेच सांगणे पुरेसे नाही. जस्ती पाइपाचे माप त्याच्या पोकळीच्या नाममात्र व्यासावरून सांगतात. अर्धा इंची, म्हणजे १५ मि.मी. पाइप बाहेरून सुमारे २१ मि.मी. भरतो. सीपीव्हीसीचा अर्धा इंची पाइप तांब्याच्या नळीच्या मापावर बेतलेला असून बाहेरून सुमारे १६ मि.मी. असतो. आय. एस. ४९८५ या भारतीय मानकाप्रमाणे तयार होणारे पीव्हीसी पाइप तर बाहेरच्या व्यासावरूनच ओळखले जातात, २० मि.मी. म्हणजे बाहेरून २० मि.मी. तेव्हा “अर्ध्या इंचा”चे तीन जोड एकमेकांत बसतीलच असे नाही. सैल बसलेला जोड भरपूर द्रावण ओतून घट्ट केल्याचे अनेकदा आढळते. असा सांधा फार काळ टिकत नाही. जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा कापून दुकानात सोबत नेणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय होय.

दोन जातींचे पाइप जोडावयाचे असल्यास आट्यांचा आधार घ्यावा, कारण आट्यांचे माप सामान्यतः सर्वांना समान असते. बाहेर आटे असलेला जोड एमटीए व आत आटे असलेला एफटीए या नावाने मिळतो. येथे एक काळजी घेणे अगत्याचे आहे. प्लॅस्टिकच्या आतील आट्यांत लोखंडी निपल अथवा पितळी तोटी पान्याने जोर लावून आवळली, तर जोडास बारीक तडा जातो आणि तो कित्येकदा भिंत लिंपून झाल्यावर उघडकीस येतो. म्हणून तोटीच्या जागी आत पितळी आटे बसविलेलाच जोड घ्यावा. किंमत थोडी अधिक पडते, पण येथे काटकसर करू नये. आट्यांवर पूर्वी सुतळी आणि शिसेयुक्त सफेदा लावीत. शिसे विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या पाइपास तो लावू नये. आवळण्याच्या दिशेनेच टेफलॉन टेपचे तीन-चार वेढे द्यावेत.

प्रत्येक वळण पाण्यास अडथळा करते. काटकोनी एल्बोचा अडथळा पाइपाच्या व्यासाच्या सुमारे तीसपट लांबीच्या सरळ पाइपाइतका धरतात. म्हणजे २० मि.मी. पाइपावरील एक एल्बो सुमारे ६० सें.मी. पाइपाबरोबर. पाण्याचा दाब मुळातच कमी असलेल्या घरात पाच-सहा अनावश्यक वळणे टाळली, तरी फरक जाणवतो. टाकी, पंप, मीटर व व्हॉल्व्ह यांच्याजवळ मात्र युनियन अवश्य बसवावे. अन्यथा एक व्हॉल्व्ह बदलण्यासाठी निम्मी जोडणी कापावी लागते. युनियन भिंतीत कधीही गाडू नये.

साहित्यावर भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. आय. चिन्ह आणि मानक क्रमांक पाहून घ्यावा. काम झाल्यावर डब्यावर दिलेल्या मुदतीइतके द्रावण सुकू द्यावे. मगच मोकळी टोके प्लगने बंद करून पाइप पाण्याने भरावा व रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवावा. कागद कोठे ओला झाला तर तो सांधा कापून नवा जोड घालावा, आणि गवंड्यास भिंत बुजविण्यास त्यानंतरच सांगावे.