सगळं पणाला लावणारा माणूस शेवटच्या दिवशी फक्त १,३९९ डॉलर का लावतो?



"रिस्क घेतल्याशिवाय धंदा होत नाही" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. पण रिस्क किती घ्यायची, हे कोणी सांगत नाही. पाच हजारांची? पाच लाखांची? की घरातलं सोनं गहाण टाकण्याइतकी? आज याच प्रश्नावर बोलू, आणि त्यासाठी एका टीव्ही शोच्या चॅम्पियनचा हिशोब उघडून बघू. त्याचं नाव जेम्स होल्झहॉवर.

खेळ काय आहे?

शोचं नाव 'जेपर्डी!'. अमेरिकेतली फार जुनी प्रश्नमंजुषा. आपल्या 'कौन बनेगा करोडपती'त हॉट सीटवर एकटा खेळाडू असतो, इथे तिघं एकाच वेळी भिडतात. बोर्डावर सहा विषय, प्रत्येकात पाच प्रश्न. वरचे सोपे आणि स्वस्त, खालचे अवघड आणि महाग. पहिल्या फेरीत २०० ते १,००० डॉलर, दुसऱ्या फेरीत त्याच्या दुप्पट. आधी बझर दाबेल त्याला उत्तराची संधी. चुकलात तर तेवढे डॉलर वजा.

दोन्ही फेऱ्या मिळून तीन प्रश्नांमागे 'डेली डबल' लपलेलं असतं. ज्याला ते सापडतं तो एकटाच उत्तर देतो, आणि जमलेल्या रकमेतून हवी तेवढी पैज लावू शकतो. शेवटच्या प्रश्नालाही प्रत्येक जण आपापली पैज गुपचूप लिहून देतो. जिंकणारा कमावलेले पैसे घेऊन पुढच्या भागात परत येतो. तेव्हा दुसऱ्याला २,००० आणि तिसऱ्याला १,००० डॉलर मिळायचे.

आकडे बघा

४ एप्रिल २०१९ पासून होल्झहॉवर सलग ३२ सामने जिंकला. कमाई २४,६२,२१६ डॉलर. त्याच्या आधी २००४ मध्ये केन जेनिंग्जने ७४ सामने जिंकून २५,२०,७०० डॉलर मिळवले होते. म्हणजे जेनिंग्जची सरासरी सामन्याला साधारण ३४,००० डॉलर, होल्झहॉवरची जवळपास ७७,०००. १७ एप्रिलला तर त्याने एकाच सामन्यात १,३१,१२७ डॉलर कमावले.

लोक म्हणाले, काय डेअरिंग आहे! तो लास व्हेगासचा, खेळांवर पैजा लावणं हाच त्याचा व्यवसाय. पण नीट बघितलं तर त्यात डेअरिंग कमी आणि हिशोब जास्त आहे.

१. आधी भांडवल, मग संधी

बरेच खेळाडू वरच्या सोप्या प्रश्नापासून सुरुवात करायचे. हा थेट तळाचे महागडे प्रश्न मागायचा. कारण डेली डबल सापडलं तेव्हा हातात ८०० डॉलर असतील, तर दुप्पट होऊन १,६०० होणार. हातात ८,००० असतील तर १६,०००. संधी तीच, फरक फक्त तयारीचा.

२. मोठी पैज तिथेच, जिथे तयारी पक्की

डेली डबलवर तो अनेकदा असेल नसेल ते सगळं लावायचा. पण त्यामागे अभ्यास होता. अनोळखी विषय समजून घ्यायला तो लायब्ररीत लहान मुलांची पुस्तकं वाचायचा, कारण त्यात चित्रांसकट सोपं करून सांगितलेलं असतं. बझरचा वेगळा सराव केला. प्रश्न वाचून संपण्याआधी बझर दाबला तर क्षणभर तो बंद पडतो, म्हणून टायमिंग महत्त्वाचं. इतकी तयारी असल्यावर त्याची बहुतेक उत्तरं बरोबर यायची. तयारी नसताना सगळं लावलं असतं, तर तो पहिल्याच आठवड्यात घरी गेला असता.

३. पैज गरजेपुरती

२९ एप्रिलच्या सामन्यात शेवटच्या प्रश्नाआधी त्याच्याकडे ३३,५१७ डॉलर होते आणि अॅडम लेव्हिन या खेळाडूकडे २७,०००. लेव्हिनने सगळं लावून दुप्पट केलं तरी तो ५४,००० च्या वर जात नाही. होल्झहॉवरने लावले २०,५००. बरोबर उत्तरानंतर त्याचे झाले ५४,०१७. लेव्हिनने २६,९९९ लावले होते, त्याचे झाले ५३,९९९. फरक १८ डॉलरचा! बघणाऱ्याला वाटलं नशीब. प्रत्यक्षात पैजेचा आकडा लिहितानाच जागा मोजलेली होती.

४. हरण्याचाही हिशोब

३ जूनला तो हरला. त्या दिवशी पहिल्याच प्रश्नामागे डेली डबल निघालं. खात्यात शून्य, त्यामुळे नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १,००० डॉलर लावता आले. भांडवलाच्या आधी संधी आली तर काय होतं, ते बघा.

समोर होती शिकागो विद्यापीठातली ग्रंथपाल एमा बेचर. जेपर्डीचे प्रश्न किती अवघड आहेत हे संगणक ओळखू शकेल का, यावर तिने पदव्युत्तर प्रबंध लिहिला होता! शेवटच्या प्रश्नाआधी एमाकडे २६,६०० होते, याच्याकडे २३,४००, तिसऱ्याकडे ११,०००.

होल्झहॉवरने लावले फक्त १,३९९. लोक चिडले, मुद्दाम हरला म्हणाले. पण गणित करा. एमाचं उत्तर बरोबर आलं तर याने सगळं लावूनही उपयोग नव्हता, कारण तिने याच्या दुपटीपेक्षा एक डॉलर पुढे जाईल इतकी पैज लावली होती, आणि पुढे असलेला खेळाडू साधारण तसंच करतो. म्हणजे ती चुकली तरच याला संधी. तेव्हा धोका तिसऱ्याचा, आणि तो दुप्पट होऊन २२,००० वर जातो. २३,४०० मधून १,३९९ गेले तर उरतात २२,००१. स्वतःचं उत्तर चुकलं तरी एक डॉलरने पुढे! एमाचं उत्तर बरोबर आलं, ती ४६,८०१ डॉलरवर जिंकली. तो हरला, पण निर्णय चुकला नव्हता.

आता आपल्या धंद्याकडे

एक गोष्ट लक्षात आली का? प्रत्येक सामना शून्यापासून सुरू होतो. आदल्या दिवशीचे लाख डॉलर दुसऱ्या दिवशी पणाला लागत नाहीत. आणि वाईटात वाईट झालं तरी तेव्हा तो हजार-दोन हजार डॉलर घेऊनच घरी गेला असता. म्हणून त्याला "सगळं लावतो" म्हणणं परवडतं. तुमचं-माझं तसं नाही. आपण सगळं लावून हरलो तर हप्ता उरतो, आणि बायकोला द्यायचं उत्तर उरतं.

समजा दिवाळीच्या फराळात तुम्हाला ४०,००० रुपये सुटले. लगेच एक दुकानदार मोठी ऑर्डर देतो, पैसे दोन महिन्यांनी. कच्चा माल लाखाचा. सगळा नफा घाला, वर ६०,००० उधार घ्या, असं मन म्हणतं. थांबा. आधी वहीत तीन आकडे लिहा:

- या संधीत मी किती घालतोय?
- सगळं बुडालं तर माझ्याकडे काय उरेल?
- उरलेल्यात घरखर्च आणि हप्ता किती महिने निघेल?

तिसरा आकडा तीन महिन्यांपेक्षा कमी आला तर ऑर्डर निम्मी घ्या, किंवा निम्मे पैसे आगाऊ मागा. हा माझा ठोकताळा आहे, तुमच्या धंद्याप्रमाणे बदला. आणि प्रत्येक सीझनच्या नफ्यातला ठरलेला भाग वेगळ्या खात्यात टाका, ज्याला पुढच्या सीझनमध्ये हात लागणार नाही. होल्झहॉवरला ही सोय खेळाच्या नियमाने दिली होती. आपल्याला ती स्वतःच करावी लागते.

तुमचे तीन आकडे आज रात्री लिहून काढा. अडलं तर व्हिडिओखाली कमेंट करा, आपण मिळून बघू.