मध्ययुगीन वास्तूचे वाचन : कँटरबरी कॅथीड्रल

प्रस्तावना

जुने चर्च किंवा किल्ला पाहायला गेल्यावर आपला पहिला प्रश्न बहुधा असा असतो : ही वास्तू कोणत्या वर्षी बांधली? मध्ययुगीन वास्तूंच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा ठरतो. त्यांचे बांधकाम अनेक पिढ्या चाले. आग लागे, भाग पाडले जात, काही तसेच ठेवले जात. म्हणून असे विचारावे : कोणता भाग केव्हाचा, आणि नवे बांधताना जुन्याचे काय केले? इंग्लंडमधील कँटरबरी कॅथीड्रलच्या पूर्व भागावरून आपण हे समजून घेऊ. येथे भिंतींवरून काढलेला निष्कर्ष समकालीन लेखाशी ताडून पाहता येतो.

पार्श्वभूमी

२९ डिसेंबर ११७० रोजी आर्चबिशप थॉमस बेकेट यांची याच कॅथीड्रलमध्ये हत्या झाली. ११७३ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर ११७४ रोजी, आगीत क्वायर (धर्मगुरूंच्या प्रार्थनेचा पूर्वेकडील भाग) जळून गेला. पुनर्बांधणीचे काम फ्रान्समधील सान्स येथील विल्यम या स्थपतीकडे आले. ११७८ मध्ये छताचे काम चालू असताना परांची मोडून तो सुमारे ५० फुटांवरून पडला व पुढे फ्रान्सला परतला. त्यानंतर 'इंग्लिश विल्यम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या स्थपतीने ११८४ पर्यंत काम पुरे केले. ही हकीकत मठातील जर्व्हेज या साधूने लिहून ठेवली आहे.

वास्तूतील तीन खुणा

१. हत्यारांच्या खुणा : जर्व्हेज सांगतो की जुने कोरीवकाम कुऱ्हाडीने केलेले होते, तर नवे छिन्नीने. कुऱ्हाडीचे घाव दगडावर तिरपे व ओबडधोबड उमटतात. रुंद छिन्नीच्या रेघा बारीक व एकसारख्या असतात. तिरपा उजेड पडला की हा फरक डोळ्यांना दिसतो.

२. खांब : जुन्या व नव्या खांबांची जाडी सारखीच, पण नवे सुमारे १२ फुटांनी उंच, असे जर्व्हेज नोंदवतो. जुन्या कामात संगमरवरी दांडे नव्हते. नव्या कामात ते असंख्य आहेत. गडद रंगाचा हा दगड इंग्लंडमधीलच पर्बेक भागातला, तर फिकट बांधकामाचा दगड समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतील कान येथून आणलेला.

३. आराखड्यातील आकुंचन : पूर्वेकडे जाताना क्वायर मध्येच अरुंद होतो. केवळ आराखडा पाहिला तर ही चूक वाटेल. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे जुने मनोरे आगीतून वाचले होते. ते पाडायचे नव्हते, म्हणून नव्या भिंती त्यांच्यामधून आत वळवाव्या लागल्या. वाकडेपणा हाच येथे पुरावा आहे.

एक सावधगिरी

'गोल कमान म्हणजे जुनी, टोकदार कमान म्हणजे नवी' हा नियम पुष्कळ विद्यार्थी पाठ करतात. कँटरबरीत तो फसतो. ११७४ नंतरच्या कामातही दोन्ही प्रकारच्या कमानी आहेत. केवळ आकारावरून काळ ठरवला तर एकाच पिढीचे काम दोन शतकांत वाटले जाईल. म्हणून आकार, हत्यार, दगड व सांधे या चारही गोष्टी एकत्र तपासाव्यात. रॉबर्ट विलिस यांनी १८४५ मध्ये याच कॅथीड्रलवरील ग्रंथात लेख आणि वास्तू शेजारी ठेवून अशी तपासणी केली.

हा पुरावा नाजूक असतो. दुरुस्तीच्या नावाखाली दगड घासून साफ केला की छिन्नीच्या रेघा जातात, आणि त्या परत आणता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अनेक चर्चचे असे झाले. त्याला विरोध म्हणून विल्यम मॉरिस आदींनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली.

स्वाध्याय

१. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या वास्तूत दोन काळांचे बांधकाम जिथे जुळते असा सांधा शोधा. त्याचे रेखाचित्र काढा. दगडाला हात न लावता, फक्त निरीक्षणाने, कोणता भाग आधीचा हे कारणांसह लिहा.

२. जर्व्हेजचा लेख नष्ट झाला असता, तर वरीलपैकी कोणते निष्कर्ष केवळ भिंतींवरून काढता आले असते?