कादंबरीचे बाड आणि ग्रंथकारांचे संमेलन

कादंबरी लिहून पूर्ण झाल्यावर ती प्रकाशकापुढे कोणत्या शब्दांत ठेवावी, हा प्रश्न मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोठेही येत नाही. कथानक, पात्रचित्रण, निवेदनाची तऱ्हा, भाषाशैली ह्यांचा जो ऊहापोह आपण करतो तो छापील ग्रंथ हाती आल्यानंतरचा असतो. बाड आणि ग्रंथ ह्यांच्यामधला जो टप्पा, ज्यात बहुसंख्य कादंबऱ्या मुकाट्याने नाहीशा होतात, त्याविषयी वाङ्मयेतिहास बोलत नाही. इंग्रजी वाङ्मयाच्या जगात ह्या टप्प्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली आहे. लंडनला ए. पी. वॉट ह्यांनी १८७०नंतरच्या दशकात लेखकांचा मध्यस्थ म्हणून व्यवसाय आरंभिला. वॉल्टर बेझंट ह्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये ग्रंथकारांची संस्था स्थापन झाली. अमेरिकेत ब्रेडलोफ येथे १९२६ पासून लेखकांची परिषद भरू लागली. पुढे अशा परिषदांतून एक प्रथा रूढ झाली: नवा लेखक एखाद्या मध्यस्थापुढे किंवा संपादकापुढे दहा-पाच मिनिटे बसतो आणि आपली कादंबरी काय आहे हे तोंडाने सांगतो. ह्याला तिकडे 'पिच' म्हणतात. पुष्कळ लोक परिषदेला जातात ते हेच शिकण्यासाठी.

आपल्याकडे असे काही नव्हते व नाही, असे म्हणून हा विषय सोडून देण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रातील ग्रंथकारांचा पहिला मेळावा ११ मे १८७८ रोजी पुण्यास हिराबागेत भरला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी 'ज्ञानप्रकाशा'तून आवाहन करून तो बोलाविला होता आणि रानडे हेच अध्यक्ष होते. त्याचे नाव 'ग्रंथकार संमेलन' होते हे ध्यानात घेण्याजोगे आहे. साहित्य हा शब्द त्यात नव्हता. ग्रंथ रचणाऱ्यांनी एकत्र यावे, ग्रंथ छापले जावेत व लोकांपर्यंत पोहोचावेत, हा त्या मेळाव्यामागचा व्यवहारी हेतू होता. म्हणजे लंडनमधील संस्थेच्या सहा वर्षे आधी पुण्यात हा प्रश्न मांडला गेला.

दुसरे संमेलन १८८५ मध्ये कृष्णशास्त्री राजवाडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यासच भरले. त्याचे निमंत्रण जोतीराव फुले ह्यांना गेले असता त्यांनी येण्यास नकार देणारे पत्र पाठविले. ज्यांच्या सभांत व पुस्तकांत बहुजनांच्या हक्कांची दाद लागत नाही त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. हे पत्र बहुधा सामाजिक चळवळीच्या इतिहासात वाचले जाते. मला ते ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातही तितकेच महत्त्वाचे वाटते. फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले होते व ते नाकारले गेले होते. त्या काळी मराठी बाडाला आश्रय मिळण्याची ती एक मोठी सरकारी वाट होती. आपले लेखन परीक्षकांपुढे ठेवून, नकार घेऊन, मग स्वतःच्या हिमतीवर पुस्तके काढणाऱ्या माणसाने तीस वर्षांनंतर ग्रंथकारांच्या सभेला विचारले की ही सभा कोणाच्या ग्रंथांची? रानड्यांनी ग्रंथ कसे खपतील हे विचारले होते, फुल्यांनी कोणाचे ग्रंथ आत घेतले जातील हे विचारले. हे दोन्ही प्रश्न संमेलनाच्या पहिल्या दहा वर्षांतच उभे राहिले आणि नंतर दोन्ही मागे पडले.

ते मागे कसे पडले हे थोडक्यात सांगता येईल. तिसरे संमेलन १९०५ मध्ये साताऱ्यास भरले. १९०६ च्या पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. पुढे संमेलन म्हणजे मुख्यतः अध्यक्षीय भाषण, ठराव आणि परिसंवाद असे त्याचे रूप ठरत गेले. कोल्हापूरचेच पाहावयाचे तर १९३२ च्या येथील संमेलनाचे अध्यक्ष बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. १९७४ मध्ये इचलकरंजीस पु. ल. देशपांडे आणि १९९२ मध्ये पुन्हा कोल्हापुरास रमेश मंत्री अध्यक्ष होते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने पुढे ही जबाबदारी घेतली. संमेलने मोठी झाली, ह्याबद्दल कोणी तक्रार करू नये. मात्र ज्या व्यवहारासाठी ती प्रथम बोलावली गेली तो व्यवहार व्यासपीठावरून उतरून मांडवाच्या कडेला, पुस्तकविक्रीच्या गाळ्यांत जाऊन बसला.

मग शंभर-सव्वाशे वर्षे मराठी कादंबरी प्रकाशकापर्यंत पोहोचली ती कशी? बहुधा लेखकाऐवजी दुसरा कोणी बोलला म्हणून. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'तून आली. त्या मासिकाचे संपादन ते स्वतःच करीत. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणेवैभवा'त प्रकरणशः येऊ लागली आणि १८९० पासून तर 'करमणूक' हे पत्रच त्यांच्या हाती होते. जो स्वतःच संपादक आहे त्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही, हे उघड आहे. इतरांच्या बाबतीत नियतकालिकातील हप्ता हाच बाडाचा वकील झाला. वाचक पुढचा हप्ता मागतात, एवढा पुरावा प्रकाशकाला पुरत असे. पुढे ही जागा दिवाळी अंकांनी घेतली. आजही नव्या कादंबरीचा एखादा भाग तेथे प्रथम दिसतो.

दुसरी वाट साक्षेपी प्रकाशकाची. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने निघाले तेव्हा लेखिका कोण हे वाचकांना ठाऊक नव्हते. ह. वि. मोटे हे प्रकाशक तिच्या वतीने उभे राहिले. ही लेखिका कोणत्याही संमेलनात जाऊन आपल्या पुस्तकाविषयी दोन शब्द बोलू शकली नसती. नाव सांगणे हेच तिला धोक्याचे होते. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे ह्यांची 'कोसला' पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली तेव्हा लेखक पंचविशीचा होता आणि ही त्याची पहिलीच कादंबरी होती. 'मौज' आणि 'सत्यकथा' ह्यांच्या परिवारात श्री. पु. भागवतांनी हस्तलिखितावर लेखकाशी जो दीर्घ पत्रव्यवहार ठेवला, पुनर्लेखन करवून घेतले, तीही ह्याच प्रकारची मध्यस्थी होती.

तिसरी वाट प्रस्तावनेची, आणि ती आपल्या भागाला जवळची आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे ह्यांनी १९५८ मध्ये मुंबईस भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. पुढच्याच वर्षी 'फकिरा' निघाली, तिला कोल्हापुरात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे. प्रस्थापित लेखकाने नव्या किंवा उपेक्षित लेखकाच्या ग्रंथाला दिलेली प्रस्तावना ही आपल्याकडील खरी शिफारस होय. तिच्यामुळे पुष्कळांचे कल्याण झाले. पण ह्या तिन्ही वाटांत लेखकाला स्वतः तोंड उघडावे लागत नाही, आणि म्हणूनच ज्याला संपादक नाही, साक्षेपी प्रकाशक नाही आणि प्रस्तावना लिहून देणारा वडीलधाराही नाही, त्याच्याजवळ आपल्या कादंबरीविषयी बोलण्यास भाषाच उरत नाही. मग तो पदरचे पैसे घालून पुस्तक छापतो आणि गठ्ठे माळ्यावर ठेवतो.

राधानगरीसारख्या तालुक्यातून शिवाजी विद्यापीठात शिकायला येणारा विद्यार्थी बहुधा ह्याच वर्गातला असतो. शाहू महाराजांनी वसविलेले व आपल्या कन्येचे नाव दिलेले हे गाव, भोगावतीवरचे धरण, पाठीमागे दाजीपूरचे जंगल व १९५८ मध्ये घोषित झालेले गव्यांचे अभयारण्य: कादंबरीकाराला लागणारे सारे द्रव्य येथे आहे. प्रकाशक मात्र मुख्यतः पुण्या-मुंबईस आहेत. ह्या विद्यार्थ्याने संमेलनास जावे काय? माझे उत्तर जावे असेच आहे. परंतु मांडवातील भाषणे ऐकून कादंबरी कशी सांगावी हे कळेल अशी आशा बाळगून जाऊ नये. जिल्ह्यातील लहान गावांतून जी एक दिवसाची ग्रामीण संमेलने भरतात त्यांत ग्रंथदिंडी, उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन आणि कविसंमेलन एवढेच असते. ह्यांतील कथाकथन त्याने लक्ष देऊन ऐकावे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर ह्यांनी ही कला गावोगाव नेली, आणि श्रोत्यांना दहाव्या वाक्यापर्यंत गोष्टीत ओढून घ्यावयाचे हा तिचा पहिला नियम आहे. प्रकाशकापुढील निवेदनाचाही तोच पहिला नियम आहे.

नियमापेक्षा उदाहरण बरे. अशा विद्यार्थ्याला कोणी विचारले की तुझी कादंबरी कशावर आहे, तर तो बहुधा असे सांगेल: 'सह्याद्रीच्या कुशीतील ग्रामीण जीवनाचे, निसर्गाचे आणि बदलत्या मूल्यांचे चित्रण मी केले आहे.' हे वाक्य आपणच त्याला शिकविलेले आहे; परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याला गुणही पडतात. प्रकाशकाच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे, कारण ते शंभर कादंबऱ्यांना लागू पडते. आता दुसरे पाहा: 'अभयारण्याच्या कडेच्या वाडीत दोन भाऊ आहेत. थोरला वनखात्यात मजूर आहे, धाकटा शेती करतो. तीन वर्षे गव्यांनी धाकट्याचा ऊस तुडविला. चौथ्या वर्षी तो कुंपणाच्या तारेत वीज सोडतो आणि एक गवा मरतो. पंचनाम्याला थोरल्यालाच जावे लागते. खरे सांगितले तर भाऊ तुरुंगात जातो, खोटे सांगितले तर नोकरी जाते. सारी कादंबरी त्या एका रात्रीची असून थोरल्याच्या बोलीत आहे.' ह्यात मूल्य, संघर्ष, वास्तव ह्यांपैकी एकही शब्द नाही. कोण, कोठे, काय हवे आहे, काय आड आले, किती काळाची गोष्ट आणि कोणाच्या तोंडची, एवढेच आहे. हे सांगण्यास एक मिनिटही लागत नाही.

लेखी कथासार द्यावयाचे झाल्यास त्यात शेवटही लिहावा. पुस्तकाच्या मलपृष्ठावर वाचकाची उत्सुकता ताणून धरणे योग्य आहे. प्रकाशकाशी तसे वागणे अयोग्य, कारण त्याला कादंबरी शेवटापर्यंत तोलली जाते की नाही हेच जाणून घ्यावयाचे असते. बोलीचा प्रश्न टाळू नये. राधानगरीची बोली पुण्याच्या वाचकाला कळेल का, ही शंका प्रकाशकाच्या मनात येणारच. तिचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा पहिली दहा पाने देऊन द्यावे. पृष्ठसंख्या सांगावी. मराठीत दीर्घकाळ हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही रूढी होती आणि जाड कादंबरी म्हणजे गुंतलेले भांडवल, हे प्रकाशकाचे गणित लेखकाला ठाऊक असलेले बरे.

संमेलनाच्या मांडवातील गाळ्यांवर विक्रीच्या गर्दीत बाड पुढे करणे अशिष्टच. तेथे करण्यासारखे काम निराळे आहे. प्रत्येक प्रकाशकाची सूची मागून घ्यावी, त्याने गेल्या काही वर्षांत कोणाच्या पहिल्या कादंबऱ्या काढल्या ते पाहावे, हस्तलिखित कोणाकडे व कोणत्या रूपात पाठवावयाचे एवढे विचारावे. जो प्रकाशक केवळ अध्यात्म आणि पाककृती छापतो त्याच्या दारात कादंबरीकाराने उभे राहण्यात अर्थ नसतो, आणि हे सूची चाळल्याशिवाय कळत नाही. त्याखेरीज १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्यात पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी साहाय्य मिळते आणि नवलेखकांसाठी कार्यशाळाही होतात. फुल्यांना नकार देणाऱ्या कमिटीचीच ही दूरची वारस आहे असे कोणी म्हटल्यास ते अगदीच चूक होणार नाही, फक्त आता अर्ज करण्यास कोणाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रकाशकाने होकार दिला म्हणजे लेखकाचे बोलणे संपले असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तेथे कराराची भाषा सुरू होते. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यातील कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून मुदत, प्रतींची संख्या, मानधनाचा दर, अनुवादाचे व चित्रपटाचे हक्क ह्यांविषयी कागदावर काय आहे ते वाचूनच सही करावी, आणि कराराची एक प्रत मूळ बाडासोबत स्वतःच्या घरी ठेवावी.